गोगट्यांची कवळी बसेना

आमच्या मुलुंडच्या गल्लीत आजवर एकही खून झालेला नाही. लोक याचं श्रेय इथल्या पापभीरू वस्तीला देतात. मी देऊ देतो. श्यामसुंदर वासुदेव दिघे या माणसाला प्रसिद्धीची हाव नाही. फोर्टातल्या एका कचेरीत टपालाची आवक-जावक बघणारा कारकून म्हणून जग मला ओळखतं. पाचनंतरचा गुप्तहेर म्हणून मात्र मला कुणीच ओळखत नाही. गुप्तहेराच्या बाबतीत याला यश म्हणतात. माझी नजर ससाण्याची आहे, चष्मा तेवढा सापडला पाहिजे. एकदा पाहिलेला चेहरा मी जन्मात विसरत नाही. तो कुणाचा, हे आठवायला जरा वेळ लागतो इतकंच.

धाकू सावंत हा माझा सहायक. शेजारच्या चाळीत राहतो, गिरणीत रात्रपाळी करतो, त्यामुळे दिवसा मोकळा असतो. मोकळा म्हणजे झोपलेला असतो. मी उठवतो. आपण सहायक आहोत हे त्याला अजून मान्य नाही.

त्या बुधवारी सकाळी समोरच्या गोगट्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. मला कुणी बोलावलं नव्हतं. उत्तम गुप्तहेराला बोलावावं लागत नाही. मी कचेरीत पोटदुखीची चिठ्ठी पाठवली, धाकूला उठवलं आणि गोगट्यांच्या ओटीवर दाखल झालो.

अनंतराव गोगटे हातात कवळी घेऊन झोपाळ्यावर बसले होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस, पण दातांवाचून त्यांचा चेहरा हवा गेलेल्या फुग्यासारखा झाला होता. रविवारी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, पद्मजाचं लग्न होतं. तिची आई ती आठ वर्षांची असताना गेली. जाताना म्हणाली होती, पद्मूच्या लग्नात मंगलाष्टकं तुम्हीच म्हणा. अनंतरावांनी आठही श्लोक स्वतः रचले. चौथ्यात बायकोचं नाव गुंफलं. आणि ते स्पष्ट म्हणता यावेत म्हणून घाटकोपरला जाऊन नवी कवळी करून घेतली. पाच दिवस झकास बसली. बुधवारी सकाळी तोंडात घातली, तर वरची फळी टाळ्याला धरेचना.

"म्हणून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी कवळी चढवून तोंड उघडलं. "फुभमंगल फाव–" इथे वरचे दात खालच्यांवर खट्कन आपटले.

"बाबा, राहू दे," पद्मजा म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. मी ती बाब संशयास्पद म्हणून टिपून घेतली.

"उघड आहे," मी म्हणालो. "ही कवळी तुमची नव्हे. अदलाबदल झाली आहे. रात्री ती कुठे होती?"

"मोरीपाशी, पेल्यात, पाण्यात. डॉक्टरांनी फांगितलंय तफं."

स्वयंपाकघराच्या दारात अनंतरावांची थोरली बहीण उभी होती. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. विधवा, अडुसष्ट वर्षांची, लाल आलवण, आणि गेली पंधरा वर्षं या घराचा सगळा भार तिच्या खांद्यावर. "अरे श्यामसुंदर, मी सांगू का–" ती म्हणाली.

"आक्का, घरगुती गोष्टी नंतर," मी म्हणालो. "हा तपास आहे."

धाकू माझ्या कानाशी आला. "शामराव, तिका बोलूक तरी द्या."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. सहायकाचं मत ऐकून घेतलं की तो शेफारतो.

दुपारी आम्ही घाटकोपरला गेलो. दातांच्या डॉक्टरांनी कवळी उलटी केली आणि आतल्या बाजूला कोरलेला बारीक आकडा दाखवला. तोच आकडा त्यांच्याकडच्या प्लॅस्टरच्या ठशावर होता. "कवळी गोगट्यांचीच आहे. फक्त वाकलीय."

"दातांची निवड करताना काही भांडण?" मी खेळकरपणे विचारलं. असं विचारलं की गुन्हेगार बेसावध होतो.

"भांडण कसलं! मी म्हटलं, वयाला शोभतील असे किंचित पिवळसर घ्या. त्यांना पांढरेशुभ्र हवे होते. म्हणाले, मुलीच्या लग्नात उठून दिसले पाहिजेत. दिले." मग त्यांनी सवयीने सगळा पाढा म्हणून दाखवला: मऊ ब्रशने घासा, घासताना खाली पाण्याची बादली ठेवा म्हणजे हातातून पडली तरी फुटणार नाही, रात्री साध्या पाण्यात ठेवा, कढत पाण्यात चुकूनही घालू नका. "आता नवी करायची तर पंधरा दिवस लागतील."

मी टिपणवहीत 'बादली' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली. बादली हा मला महत्त्वाचा दुवा वाटला.

परतीच्या वाटेवर मी माझा दुसरा सिद्धांत मांडला. कवळी वाकली नसेल. अनंतरावांचा जबडा वाढला असेल. मुलीच्या लग्नाच्या काळजीने माणसाचे केस पिकतात, मग जबडा का वाढू नये? संध्याकाळी मी शिंप्याची टेप आणून त्यांचा जबडा मोजला. सव्वातेरा इंच भरला. आधी किती होता ते कुणालाच ठाऊक नसल्याने हा सिद्धांत मला नाइलाजाने सोडावा लागला.

गुरुवारी गोगट्यांच्या ओटीवर मला तिसरा सिद्धांत सुचला आणि माझ्या अंगावर काटा आला. बोरीवलीला राहणारे नवऱ्या मुलाचे काका, नंदकिशोर लिमये, मंगलाष्टकं म्हणण्यात पटाईत होते. रविवारी अनंतरावांचं तोंड बंद राहिलं तर मांडवात एकट्या लिमयांचा आवाज दुमदुमणार. हेतू मिळाला! सोमवारी ते गोगट्यांकडे चहाला आले होते, म्हणजे संधीही मिळाली.

"मी आत्ताच बोरीवलीला जातो आणि त्यांना सरळ विचारतो," मी म्हणालो, "की बुवा, कवळीत तुम्ही काय केलंत?"

पद्मजा पांढरीफटक पडली. "श्यामकाका, लग्न मोडेल हो माझं!"

"सत्यापुढे लग्न–" मी म्हणत होतो, तेवढ्यात धाकूने माझी छत्री काढून घेतली.

"बसा गप. माझी प्लॅस्टिकची फणी अशीच वाकडी झाली होती. शेवंतीन ती कढत पाण्यात घातल्यान." शेवंती म्हणजे त्याची बायको. तो स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आक्काकडे वळला. "आक्कानु, कवळी तुमी उकळलात काय?"

"उकळली की," आक्का म्हणाली. "मंगळवारी रात्री. चांगली घटकाभर. कालपासून तेच सांगतेय, पण हा ऐकून घेईल तर ना!"

"म्हणजे? बाजारातून आलेली वस्तू तशीच तोंडात घालून कार्याला उभं राहायचं?" आक्काचा आवाज चढला. "नवं पातेलंसुद्धा मी आधी राखेनं घासते, कढत पाण्यातून काढते, मग चुलीवर चढवते. हे तर दात. कुणाच्या तोंडातले, त्यानं जन्मभर काय खाल्लं असेल, कोण जाणे!"

"आक्का, ते कारखान्यात करतात," मी म्हणालो.

"कारखान्यात दात उगवतात?"

मी हा प्रश्न टिपून घेतला.

मग तिचा आवाज खाली आला. "याच तोंडानं तो मांडवात गंगा-यमुनेची नावं घेणार, पद्मूच्या आईचं नाव घेणार. ते तोंड शुद्ध असायला नको? मला काही कार्यात पुढे यायचं नाही. अक्षता पडताना मी मागच्या खोलीत असणार. पोरीला लहानाची मोठी केली, एवढं तरी माझ्या हातून नीट व्हावं म्हटलं. म्हणून तुळशीचं पान घातलं, चमचाभर गंगाजल घातलं आणि उकळली. वाटोळंच केलं मी, अनंता."

मला वाटलं, आता अनंतराव भडकणार. मी टिपणवही मिटून टाकली. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिथे असण्याची लाज वाटली. पाच मिनिटांत कळणारी गोष्ट मी दोन दिवस लांबवली होती, आणि ते दोन दिवस ही म्हातारी आपला अपराध पोटात घेऊन घरभर वावरत होती.

अनंतरावांनी सरकून झोपाळ्यावर आक्काला जागा करून दिली. पद्मजा उठली. "आत्या, तुला येतात ना ती मंगलाष्टकं?"

"न यायला काय झालं? महिनाभर सकाळ-संध्याकाळ ऐकतेय. आता भिंतींनासुद्धा येत असतील."

"मग रविवारी तू म्हण."

"खुळी की काय! मी आणि मांडवात? व्याही काय म्हणतील?"

अनंतरावांनी कवळी काढून पेल्यात टाकली. मग बहिणीकडे बघून म्हणाले, "आक्का, तू म्हणायची. पुढे उभी राहून म्हणायची. तू नफशील तर अंतरपाट धरू देणार नाही."

रविवारी दारातल्या मांडवात आक्का धुवट लुगडं नेसून अनंतरावांशेजारी उभी राहिली. बायकांत कुजबुज सुरू झाली. नंदकिशोर लिमयांनी भुवया उंचावल्या. पहिला श्लोक आक्काने जमिनीकडे बघत म्हटला. दुसऱ्यापासून मान वर झाली. चौथ्यात पद्मजाच्या आईचं नाव आलं तेव्हा तिचा स्वर इतका स्वच्छ लागला, की मागच्या अंगणात वाटाणे सोलत बसलेला आचारीसुद्धा उठून मांडवात आला. अंतरपाटाआड पद्मजा रडत होती. अनंतराव तोंड घट्ट मिटून उभे होते. शेवटच्या सावधानला मात्र त्यांना राहवलं नाही. सगळ्या मांडवाच्या वर त्यांचं "फावधान" गेलं आणि अक्षता पडल्या.

लिमये माझ्याजवळ सरकले. "कोण हो त्या?"

"मुलीची आत्या," मी म्हणालो. "तिनंच वाढवलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आक्काकडे नीट बघितलं. मग हळूच विचारलं, "एवढे स्पष्ट उच्चार! दात स्वतःचे आहेत का हो त्यांचे?"

"बत्तीसच्या बत्तीस," मी म्हणालो. "मी स्वतः कसून तपास केलाय."