घाम पकडणारं यंत्र

"तुमचं नाव तात्याबा, व्हय का न्हाय?" यशराजने विचारलं. यंत्रात बोटं अडकवून बसलेला तात्याबा "व्हय" म्हणाला आणि लाल दिवा लागला. म्हणजे पहिल्याच घासाला खडा.

पिंपळीजवळच्या त्या वस्तीवर सगळ्यांचं मिळून एक शेततळं होतं आणि पाणी पाळीने मिळायचं. रविवारी वस्ती माळेगावला लग्नाला गेली असताना कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवून तळं निम्मं रिकामं केलं. मागे राहिले होते दोघेच, तात्याबा आणि त्याचा बांधकरी, म्हणजे बांधापलीकडच्या शेताचा दादासो. दादासो लग्नं जुळवायचा, पण आपण जुळवलेल्या लग्नाला सहसा जायचा नाही, कारण तिथे दोन्हीकडची मंडळी एकदम भेटतात. भांडण वाढायला नको म्हणून बारामतीला शिकून आलेल्या यशराजने खोटं पकडायचं यंत्र ऑनलाइन मागवलं. ज्याचा दिवा लाल, त्याची पुढची पाळी बंद, असं सर्वानुमते ठरलं.

तात्याबाच्या उसाची लागण नुकतीच झाली होती. पाळी गेली की लागण वाळणार, या धास्तीने बिचाऱ्याच्या तळहातांना धारा लागल्या होत्या. "व्हॉल्व्हला हात लावला का?" याला "न्हाय" म्हणाला, तरी लाल. म्हाळसा त्याची बायकोच ना, याचीही यंत्राला शंका आली.

मग दादासो बसला. व्हॉल्व्ह फिरवला का विचारल्यावर आरामात "न्हाय" म्हणाला आणि दिवा हिरवागार. नवऱ्या मुलांचे पगार आणि एकरं सांगून सांगून त्याची नाडी कधीच निबर झाली होती.

तात्याबाची पाळी आता गेल्यातच जमा होती. तेवढ्यात म्हाळसा देव्हाऱ्यातलं भंडाऱ्याचं ताट घेऊन आली.

"आमच्यात भंडारा उचलून शपथ घेत्यात. अवो, हे घ्या हातात आन् मग घाला बोटं त्या डबड्यात."

तात्याबा जरा मागे सरकला, पण म्हाळसाने ताट काही मागे घेतलं नाही. शेवटी त्याने मूठभर भंडारा उचलला, हात मनगटापर्यंत पिवळा झाला. "व्हॉल्व्हला म्या हात लावला न्हाय," तो म्हणाला, आणि दिवा हिरवा लागला. म्हाळसाने सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं.

यशराज मात्र विचारात पडला. त्याने आतून चिमूटभर गव्हाचं पीठ मागवलं, आपल्या बोटांना चोळलं, ती यंत्रात घातली आणि म्हणाला, "मी कलेक्टर हाय." हिरवा दिवा लागला.

"आयला, हे घाम पकडतंय," तो खजील होऊन म्हणाला. "खोट्याशी ह्याचा काय संबंध न्हाय."

"मग भंडारा हाय की," असं म्हणत म्हाळसाने ताट दादासोपुढे धरलं. यंत्रापुढे गारेगार बसलेल्या दादासोच्या कपाळावर आता थेंब जमले. काटेवाडीला एक स्थळ बघायला जायचंय, उशीर होतोय, असं काहीबाही तो बोलला. ताट हललं नाही आणि वाटेतून कुणी बाजूलाही झालं नाही.

"फिरवला म्याच, वहिनी," तो अखेर म्हणाला. "पर माझा पाइप फुटका निघाला. निम्मं पाणी तुमच्याच लागणीत गेलं, आन् हे बांधावर हुबं राहून बघत हुते. इचारा त्यास्नी, हातात भंडारा हाय तवर."

सगळ्या माना तात्याबाकडे वळल्या. यशराजने यंत्र पुन्हा त्याच्या बोटांना लावलं. आता काहीही बोललं तरी दिवा हिरवाच लागणार, हे तात्याबाला पक्कं कळलं होतं. खोटं बोलायची इतकी उत्तम सोय उभ्या जन्मात झाली नव्हती, आणि नेमका हात भंडाऱ्यात बरबटलेला. त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं. समोर म्हाळसा ताट घेऊन उभी होती.

"पाण्याला म्या बोलावलं न्हवतं," तो हळूच म्हणाला. "पर आल्यावर हाकललं बी न्हाय."

हिरवा दिवा लागला आणि दोघांचीही पाळी गेली.