दिगू गुरव आणि वरचे पाव्हणे

आकाशात काही चमकलं, की आमचा दिगू गुरव आधी शर्ट चढवतो. परग्रहावरचे पाव्हणे कधी उतरतील याचा नेम नाही, आणि त्यांच्यापुढे काय उघड्या अंगाने जायचं? जिल्ह्यात विमानतळ झाल्यापासून बिचाऱ्याचे फार हाल झालेत.

दिगू माझा वर्गमित्र, वय सव्वीस. आमच्या गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे. त्यावर माणसं, मासे, गोल चक्रं अशी भली मोठी चित्रं कोरलेली आहेत. कोणी आणि कधी, देव जाणे. 'पांडवांचां काम' म्हणून गाव मोकळं होतं, पण दिगूला पांडव मान्य नाहीत.

"पांडव हय कशाक येतले? वयसून इल्ले ते!" आणि बोट आकाशाकडे. चक्र म्हणजे तबकडी, हात पसरलेला माणूस म्हणजे तिचा ड्रायव्हर.

मी एकदा म्हटलं, "दिग्या, ड्रायव्हराच्या कमरेक लंगोटी दिसता."

"मगे? हय उकाडो किती!"

याच्याशी वाद घालणं म्हणजे आपलंच डोकं फोडून घेणं.

गेल्या मे महिन्यात मी चार वर्षांनी मुंबईहून गावी गेलो, तर सड्यावर संकट. चिरेखाणीचा एक ठेकेदार तो मागत होता. सडा गावाचा सामाईक, त्यामुळे निर्णय देवळातल्या बैठकीत व्हायचा होता. दिगूने घरोघर जाऊन हातापाया पडून पाहिलं. "तुझे पावणे भाडां देतले काय?" म्हणून लोकांनी त्याला वाटेला लावलं. खरं सांगतो, मीही हसलो.

पण एक गोष्ट सगळेच विसरले होते. बैठकीआधी गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि त्याच्या दर मागण्याला गावाने होकार भरायचा अशी रीत आहे, आणि वडिलांचा आवाज गेल्यापासून ते गाऱ्हाणं दिगू घालतो.

बैठकीच्या दिवशी सकाळी देवापुढे नारळ ठेवून तो उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज हय जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या गुरावासरांची राखण कर..."

"व्हय म्हाराजा!" अर्धी मंडळी ठेकेदाराच्या नव्या गाडीकडे बघत होती. तोंडं आपली सवयीने चालू.

"आणि सड्यावयली चित्रां आमी राखतलंव, एक चिरो कोणाक काढूक दिवचंव नाय, असो शबूद तुका देतंव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देऊळ दणाणलं की हो! सगळ्यात मोठा आवाज ठेकेदाराचा. मग आपण कशाला होकार भरला ते एकेकाच्या डोक्यात शिरलं. सरपंच उठले, बसले, पुन्हा उठले. "मेल्या, फसयलंस आमका!"

"मी खंय? देवाक शबूद तुमी दिलास."

देवापुढे दिलेला शब्द मोडायची आमच्या गावात कोणाची छाती आहे? ठेकेदार मुकाट्याने चपला शोधू लागला. मी दिगूला उचलून घेतलं आणि देवळाभोवती नाचवलं.

संध्याकाळी सड्यावर गेलो. दिगू चित्रांतलं सुकं गवत उपटत होता. मी विचारलं, "दिग्या, खरंच परत येतले रे ते?"

"येतले. वर्गातली तुमी धा जणां गेलात, तुमची वाट बघतंयच मी. तेंची बघूक काय जाता?" त्याने मान वर केली नाही. "तेंका उशीर झालो तर माका समजता. ते लांबसून येतत. तुमी तर मुंबैक आसास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बसलो आणि त्याच्याबरोबर गवत उपटू लागलो.