इल्पोची चार भोकं

इल्पोसमोर बाकावर तीन रायफली होत्या, कोटाच्या तीन खिशांत तीन मापांची काडतुसं होती, आणि यातलं एकही त्याचं स्वतःचं नव्हतं.

सहा वर्षं हा गडी सासऱ्याच्या शिकारी टोळीबरोबर काइनूच्या जंगलात जात होता, पण तो मेलेला मूस ओढायला आणि नंतर रश्श्याची पातेली घासायला. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. ते चिखलातून ओढलं की कंबर आठवडाभर कुरकुरते. यंदा रायफल घेऊनच जायचं, असं इल्पोने ठरवलं होतं. त्यासाठी हवी होती नेमबाजीची परीक्षा आणि टोळीतल्या तिघा म्हाताऱ्यांचा होकार. परीक्षा आज होती, वर्षातली शेवटची. होकाराचं घोडं मात्र भलत्याच ठिकाणी अडलं होतं. बायकोने एकाच रायफलीला परवानगी दिली होती. शिकारीलाही तीच आणि दर बुधवारच्या नेमबाजीच्या सरावालाही तीच. कुठल्या मापाची घेऊ, एवढंच त्याने तिघांना विचारलं आणि बिचारा पस्तावला.

"साडेसहा मिलिमीटर!" सासरा ताइस्तो म्हणाला. "धक्का नाही, काही नाही. लोण्यासारखी चालते."

"त्याने मूसला फार तर खाज सुटेल," टोळीचा म्होरक्या उर्पो फिसकन हसला. "मधलं माप घे, तीनशे आठ. कुठल्याही दुकानात काडतूस मिळतं."

"आणि अस्वल आडवं आलं तर? त्याला दुकानाचा पत्ता देणार?" वेइयोने विचारलं. शिकारीचं जंगल वेइयोच्या मालकीचं, त्यामुळे त्याचा आवाजही मोठा. "सगळ्यात मोठं माप घे, नऊ-तीन!"

"अहो, जावयाचा खांदा निखळेल ना माझ्या!"

शेवटी तिघांनीही आपापली रायफल आणून बाकावर ठेवली. परीक्षा माझ्याच रायफलीने, नाहीतर माझा नकार! आता करायचं काय माणसाने? इल्पोने घाबरत सासऱ्याची रायफल उचलली, खिशातून काडतूस काढलं आणि आत सरकवलं. ते अर्ध्यातच अडकलं.

"ते माझं आहे!" उर्पो ओरडला.

"अरे, डावा खिसा, डावा!" ताइस्तो म्हणाला.

"डाव्यात माझी आहेत! हात लावशील तर बघ!"

"थांबा!" परीक्षा घेणाऱ्या राइलीबाईंचा आवाज आला. "रायफल खाली ठेव, इल्पो. आणि तुम्ही तिघं, कॉफीच्या शेडमध्ये चला. निघा!"

तिघंही शाळकरी पोरांसारखे निमूट गेले. बाईंनी इल्पोच्या हातात स्वतःची रायफल दिली, चार काडतुसं दिली आणि त्याच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवली. इल्पोच्या डोक्याचा इतका भुगा झाला होता की माप बघायचंही त्याला सुचलं नाही. त्याने आपले चार बार उडवले. चारही वर्तुळात! पास!

तिघं म्हातारे धावत आले. रिमझिम पावसाने भिजलेल्या निशाणाच्या कागदावरची भोकं फाटून वेडीवाकडी झाली होती. ताइस्तोने त्यांत पेन्सिल घालून पाहिली, उर्पोने करंगळी, वेइयोने अंगठा.

"साडेसहा! मी म्हटलं नव्हतं?"

"डोळे तपासून घे. तीनशे आठ आहे हे!"

"एवढं भोक नऊ-तीनशिवाय पडतं होय?"

मग एकेकाने इल्पोला बाजूला घेतलं, "माझंच माप ना?" म्हणत पाठ थोपटली आणि शनिवारी शिकारीला यायला सांगितलं. इल्पो तिघांनाही "हं" म्हणाला. तिन्ही होकार पदरात पडले.

ते गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "राइलीबाई, माप कुठलं हो तुमचं?"

"नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी कोणाला सांगितलेलं नाही," बाई रिकामी काडतुसं खिशात टाकत म्हणाल्या. "तिघांनाही वाटतं, माझी रायफल त्यांच्याच मापाची. हिवाळ्यात तिघंही येऊन माझ्या दारातला बर्फ उपसून जातात."

"पण रायफलीच्या परवान्याच्या अर्जात तर लिहावं लागेल!"

"हीच रायफल दोघांच्या नावावर करू. अर्ज मी भरते." बाईंनी कागद पुढे केला आणि वरच्या मापाच्या रकान्यावर तळहात ठेवला. "तू नुसती सही कर. तुझ्या दारातही बर्फ पडतो ना?"

इल्पोने डोळे मिटून सही केली.