गालावरची वस्ती

स्वच्छता ही आरोग्याची पहिली पायरी आहे. ती सदैव ओली असल्याने माणसं घसरतात तीही तिच्यावरूनच.

छकुलीच्या आईने घरात लागू केलेली पद्धत मात्र वाखाणण्याजोगी होती. बाळाच्या खोलीत शिरण्यापूर्वी साबण, त्यावर जंतुनाशक, त्यावर पुन्हा साबण (पहिल्यावर कितपत विसंबायचं?). पापा घेण्यास पूर्ण मुभा होती, फक्त बाळाचा घ्यायचा नाही. या पद्धतीला घरातून विरोध झाला नाही. बाबांच्या हातांची सालटं निघाली होती, त्यामुळे विरोधात हात वर व्हायचाच नाही.

आजी तेवढ्या दारातून बोलत.

"अगं, नात आहे की कढई? कढईसुद्धा इतकी कोणी घासत नाही."

"आजी, जंतू असतात."

"असतात ना! तुझ्या नवऱ्याला मी त्यांच्यासकटच वाढवलाय."

(हा पुरावा ग्राह्य धरला गेला नाही. आईने नवऱ्याला जवळून पाहिलं होतं.)

इतका चोख बंदोबस्त असूनही छकुलीचे गाल लाल, खरखरीत झाले. ती खाजवी, किंचाळून उठी, आणि आई हातमोजे घालून तिला थोपटी. स्वच्छता कमी पडतेय, हे उघडच होतं. ती वाढवली. पुरळही वाढलं. दोघांत चांगलीच चुरस लागली.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिले.

"इथे भल्या जंतूंची वस्ती असते. ते पेप्टाइडं बनवतात, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, आणि त्या तुकड्यांनी वाईट जंतूंना मारतात. ना पगार, ना सुट्टी. तुम्ही त्यांना रोज मोरीत सोडताय."

"म्हणजे... मीच केलं हे?"

"काळजीपोटी केलंत. आता साधं पाणी आणि हे मलम. बाहेरून आलात की हात धुवा, बास. आणि ते मोजे काढा आधी."

"पण ते जंतू परत आणायचे कुठून? बाटलीत मिळतात?"

"बाटली कशाला? घरात माणसं आहेत ना?"

घरी येऊन आईने मोजे काढले आणि आपला गाल त्या तापलेल्या, खरखरीत गालाला लावला. छकुली रडायची थांबली. मग कोणतीही पूर्वतयारी न करता तिने आईचं नाक तोंडात घातलं. आईच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, तेही उकळलेलं नव्हतं.

गाल हळूहळू निवले. पद्धत अर्थातच सुटली नाही. आजी पापा घ्यायला आल्या, की आई दार अडवून विचारते, "हात एकदाच धुतलेत ना?"

हे वाचताना तुमच्याही गालावर काहीतरी वळवळलं असेल. घाबरू नका, आपलीच मंडळी आहेत. तरीही साबणाकडे निघालाच असाल, तर निदान त्यांना 'येतो' म्हणण्यापुरती उसंत द्या.