पगारेभाऊंचे लंगोट

माझ्या मुलीच्या ढुंगणावर वांगं होतं. जांभळं, देठासकट, आणि देठाला हिरव्या दोऱ्याचे काटेसुद्धा. शेजारच्या कंडक्टरच्या मुलावर लाल एसटी होती. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाळावर कंपनीचा भोंगा होता, कारण ते रडायला लागलं की सातपूरच्या सगळ्या पाळ्या एकदम सुटल्यासारखं वाटायचं. ही सगळी चित्रं लंगोटांवर होती आणि ते लंगोट शिवले होते पगारेभाऊंनी.

आमच्या ओळीतलं शेवटचं घर त्यांचं. मूळचे चांदवडकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. डाव्या करंगळीचं टोक कधीतरी प्रेसने खाल्लं होतं. अंगाने आडदांड, मिशा झुपकेदार, आणि आवाज असा की साधं ‘जय भीम’ म्हणाले तरी समोरचा दचकायचा. हा माणूस पाळीवरून आला की हातपाय धुऊन पायमशीनपुढे बसायचा आणि चष्म्याच्या वरून बघत सुईत दोरा ओवायचा. खिडकी रस्त्याकडे होती. येणारेजाणारे हसायचे. भाऊ मान वर करत नसत.

मी लग्न होऊन नव्वदीच्या सुरुवातीला या कॉलनीत आले. नवरा सातपूरलाच कामाला, मी बालवाडीत शिकवायची. मुलगी झाली, दवाखान्यातून घरी आले आणि त्याच संध्याकाळी भाऊ दारात उभे. मागे त्यांची बायको, सुमनवहिनी. बारीक अंगाची, कमी बोलणारी, हसू आलं की पदर तोंडाशी नेणारी. भाऊंनी पाळण्यात वाकून बराच वेळ बाळाकडे पाहिलं. पत्रिकाच मांडतायत असं माझ्या नवऱ्याला वाटलं असावं, कारण तोही गंभीर झाला.

“वांगं हाय,” भाऊ म्हणाले आणि निघून गेले.

माझी सासू बरेच दिवस धुमसत होती. पण लंगोटांचा गठ्ठा आला तेव्हा तीच सगळ्यांना दाखवत फिरली.

ते लंगोट होतेच तसे. कापड जुन्या धोतरांचं नाहीतर सुती साड्यांचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. मध्ये टर्किश टॉवेलचा तुकडा. नाडी नाही, पिन तर नाहीच. जुन्या सँडलांच्या चिकटपट्ट्या कापून त्या कमरेला लावलेल्या, त्याही अशा की बाळाच्या कातडीला लागणार नाहीत. चित्र बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला एकही गाठ लागता कामा नये, हा त्यांचा हट्ट. लंगोट दिला की ते समोरच्याला तो गालाला घासून बघायला लावायचे. माझ्या सासऱ्यांनाही लावलं. सासरे तालुक्याच्या गावी हेडमास्तर होते. त्यांनी निमूटपणे घासला.

“अंगाला लागणारं कापड हाय,” भाऊ म्हणायचे. प्रत्येक वादात शेवटचं वाक्य हेच.

देव काढत नसत, झेंडा काढत नसत. एका बापाला आपल्या पक्षाचं चिन्ह हवं होतं. भाऊ म्हणाले, काढतो की, पण त्याच्यावर रोज काय होणार हाय ते पक्षाला विचारून ये. तो परत आला नाही. दोरीवर लंगोट सावलीत वाळत घातलेला दिसला की ते सरळ त्या घरात शिरून बाईला सांगायचे, उन्हात टाका, सावलीतलं कापड आजार धरतं. बायकांना त्यांचा वैताग यायचा, पण लंगोट सगळ्यांना हवे असायचे.

एकच गोष्ट ते कोणासाठी करत नसत. मूल जन्मायच्या आधी सुई हातात घेत नसत. पोटुशी बाई दारात येऊन म्हणाली, भाऊ, माझ्यासाठी शिवून ठेवा, तर ते मशीनचा पट्टा चढवत बसायचे, ऐकूच न आल्यासारखे. मला तेव्हा हा त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा वाटला होता. लंगोटच का शिवता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: मशीन होतं, चिंध्या होत्या.

मग ती दुपार आली. दोन गल्ल्या सोडून एका घरात मुलाच्या लग्नानंतर फार वर्षांनी नातू झाला होता. भाऊंनी पोपट काढून गठ्ठा पाठवला होता. मी सुमनवहिनींकडे वाटाणे सोलत बसले होते, तेवढ्यात त्या घरची आजी स्वतः तो गठ्ठा घेऊन आली. कागदही सोडलेला नव्हता.

ती म्हणाली, “राग मानू नका. तुमच्या घरात पाळणा हलला नाही, आणि आमचं नवसाचं आहे.”

भाऊंनी गठ्ठा हातात घेतला. “बरं,” एवढंच म्हणाले. वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला केला. तहान नाही, असं म्हणून ती उंबऱ्याबाहेरूनच वळली. उन्हातून चालत आली होती, घामाने तिचा चेहरा निथळत होता. वहिनी पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

भाऊ कातर घेऊन बसले आणि एकेका पोपटाचे टाके उसवू लागले. कापड चांगलं होतं, ते ठेवून दिलं.

त्यानंतर वहिनींनी मला सांगितलं. लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांना दिवस गेले होते. भाऊंनी आनंदाने सातव्या महिन्यातच लंगोट शिवले, पहिल्यांदाच मशीनवर बसून, वाकडेतिकडे. मूल मेलेलंच जन्मलं. गावाकडच्या बायका म्हणाल्या, बाळाच्या आधी कपडा शिवला, म्हणून. पुढे पुन्हा दिवस गेले तेव्हा त्यांनी काहीच शिवलं नाही, तरी ते राहिलं नाही. “असं काय नसतं, हे त्यांना कळतं,” वहिनी म्हणाल्या. “बाबासाहेबांची पुस्तकं वाचलेला माणूस हाय. पण हात धजत नाय.” त्या पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या.

दोन हजार साल उलटलं आणि कारखाना बंद पडला. भाऊंकडे आता दिवसभर वेळ होता, पण लंगोट कोणाला नको होते. मेडिकलच्या दुकानात डायपरची तयार पुडकी मिळू लागली होती. नव्या सुना त्यांचे लंगोट तोंडदेखले घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. एकदा भाऊंबरोबर मी बसस्टॉपवर उभी असताना समोर एक तरुण बाप मोटारसायकलची टाकी पुसत होता. हातातल्या फडक्यावर मासा होता, खवलं न् खवलं भरलेला, ग्रीसमध्ये माखलेला. भाऊंनी पाहिलं. “टाकी चांगली निघाली,” ते म्हणाले आणि आलेल्या बसमध्ये चढले. ती बस त्यांची नव्हती.

त्याच सुमारास वहिनींना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर सगळं अंथरुणावरच. चांदवडहून वहिनींची धाकटी बहीण आली, म्हणाली, बायकांचं काम आहे, मी राहते. भाऊंनी तिला चार दिवसांनी परत पाठवलं. सगळं तेच करायचे. धुणं, पुसणं, कूस बदलणं.

माझ्याकडे ते जुन्या सुती साड्या मागायला आले तेव्हा मला वाटलं, पुन्हा कोणाचं तरी बाळ आलं. मग त्यांनी हाताने माप दाखवलं आणि मी कपाट उघडलं.

मोठे लंगोट सोपे नव्हते, पण भाऊंनी ते जमवले. कठीण वेगळंच होतं. कपडा बदलायची वेळ आली की वहिनी डोळे घट्ट मिटायच्या आणि तोंड भिंतीकडे करायच्या. दुसऱ्या कोणाला नाही, नवऱ्याला असं करावं लागतंय, याची लाज. काम झालं तरी डोळे उघडायच्या नाहीत. भाऊ पायरीवर येऊन बसायचे. एकदा मी तिथून जाताना ते म्हणाले, “ताई, ती माझ्याकडं बघत नाय.” तो आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दचकावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

मग त्यांनी एक केलं. भरतकामाच्या दोऱ्यांच्या सगळ्या लडी वहिनींच्या पलंगावर पसरल्या आणि विचारलं, “कोणता रंग घेऊ?” वहिनींनी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरल्या. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एके दिवशी मी पेज घेऊन गेले होते, तेव्हा वहिनींचा डावा हात हळूहळू सरकला आणि जांभळ्या लडीवर थांबला.

“फूल?” भाऊंनी विचारलं. काही नाही. “पान?”

वहिनींनी डोळे मिटून उघडले. पान जांभळं नसतं, असं दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर भाऊंनी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्यांनी जांभळं पान भरलं. नंतर निळा आंबा, मग काळा मोर. वहिनी मुद्दाम चुकीचे रंग सांगायच्या, याची मला खात्री आहे. कारण गुलाबी बैल पुरा झाला तेव्हा त्यांच्या तोंडाची चालणारी बाजू वर गेली आणि डावा हात पदर शोधत तोंडाकडे निघाला. त्यानंतर त्या भिंतीकडे वळल्या नाहीत.

हे लंगोट मात्र भाऊ घरातच वाळवायचे, आतल्या खोलीत दोरी बांधून, पंखा लावून. मी म्हटलं, भाऊ, गच्चीवर ऊन आहे. ते म्हणाले, “तिचे हायेत. लोकांनी कशाला बघायचे?”

वहिनी एका उन्हाळ्यात गेल्या, सकाळी, पेज भरवत असताना. ओळीतली माणसं जमली. बाहेरच्या खोलीत बुद्धवंदनेची तयारी चालली होती. आत वहिनींची बहीण, मी आणि शेजारच्या दोघी. आम्ही वहिनींना आंघोळ घातली. बहिणीने पांढरी साडी उलगडली, तेवढ्यात पडद्याच्या फटीतून भाऊंचा हात आत आला. हातात नवा लंगोट होता. त्यावर केशरी वेल होती, तिला राखाडी पानं, आणि शेवटचं पान अर्धंच भरलेलं.

बहीण म्हणाली, “दाजी, आता याचं काय काम? साडी हाय ना.”

“ऱ्हाऊ द्या,” पडद्याआडून भाऊ म्हणाले. “रंग तिनं सांगितलेत.”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तो घेतला. दोघींनी वहिनींना जरा उचललं आणि मी तो खालून सारून बांधला, नेहमी भाऊ बांधायचे तसा. वरून पांढरी साडी नेसवली. बाहेरून काही दिसत नव्हतं.

भाऊ अजून पडद्यापाशीच उभे होते.

“ताई,” ते म्हणाले, “घट्ट तर नाय ना बांधलं?”

मी म्हटलं, नाही भाऊ.