अप्पांना आधी दिसतं

अप्पा भाजी घेतानासुद्धा सातातून पाच निवडतात. सात वांगी हातात घ्यायची, एक नजर टाकायची आणि दोन परत टोपलीत. "ह्या दोघांचा बाकीच्यांशी मेळ न्हाई," असं भाजीवालीला सांगायचं. परवा एका लग्नात सात जणांचा फोटो निघाला, तर त्यातले कोणते दोघं नसते तर फोटो भारी आला असता, हे त्यांनी नवरदेवाला सांगितलं. त्या दोघांत नवरदेवाचे मामा होते. तरी मामा हसले. मी असं बोललो असतो तर मला जेवू दिलं नसतं.

हे वेड त्यांना मीच लावलं, तेही सांगून टाकतो.

अप्पा मूळचे देगलूरचे. टपाल खात्यात जन्मभर पत्रं गावनिहाय वेगळी केली आणि आता नांदेडला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी कॉलेजात गणित शिकवतो. भाच्याकडून शिकून पोकर आमच्या बिल्डिंगमध्ये आणला तो मी. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच उघडे. या सातांतून ज्याची पाचांची जुळणी वरचढ, तो जिंकला. कोणती जुळणी कोणाच्या वर, याचा तक्ता मी लिहिला आणि पदरमोड करून लॅमिनेट केला. दर रविवारी चारला पार्किंगमध्ये सतरंजी पडते. मी, अप्पा आणि खालचे वकीलसाहेब. डावावर चिंचोके.

दोन रविवार अप्पांनी तक्ता पाहिला. तिसऱ्या रविवारी त्यावर चहाचा कप ठेवला. तेव्हापासून पत्ते उघडले रे उघडले की अप्पा तिघांचेही डाव सांगून मोकळे. मी बोटांवर मोजत असतो, तोवर निकाल लागलेला असतो. "अहो, कसं कळतं?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्यात काय कळायचंय मास्तर? समोर दिसायलंय की."

मला दिसत नव्हतं. वीस वर्षं संभाव्यता शिकवून दिसत नव्हतं.

एकदा तर हद्द झाली. वकीलसाहेबांनी ओळीचे पाच पत्ते दाखवले, सिक्वेन्स. मी हळहळत माझे पत्ते टाकून दिले. आपल्याकडं सगळ्यांचा हात दिवाळीतल्या तीन पत्तीवर बसलेला. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगाच्या, म्हणजे सगळे इस्पिक किंवा सगळे बदाम अशा पत्त्यांच्या, वर. या खेळात बरोबर उलटं, रंग सिक्वेन्सच्या वर. तक्त्यात मीच लिहिलेलं.

"मास्तर, टाकायलाव कशाला? इस्पिकचे पाच झाले की तुमचे. रंग हाय. तुम्ही जिंकलाव," अप्पा म्हणाले.

जिंकलो, पण तोंड दाखवायला जागा उरली नाही. शेजारी गवार निवडत बसलेली आमची सुनंदा म्हणाली, "बघा, अप्पांना कसं पटकन दिसतं." हे वाक्य मला त्या आठवड्यात चार वेळा ऐकावं लागलं, एकदा तर हरवलेल्या किल्लीवरून.

त्या दिवशी मी ठरवलं, एकदा, फक्त एकदा, अप्पांच्या आधी मला दिसलं पाहिजे. रोज सकाळी मी आंघोळीआधी सात-सात पत्ते मांडून सराव करू लागलो. काही उपयोग झाला नाही.

त्यात अप्पांची आणखी एक खोड. साडेपाच वाजले की डाव अर्धा टाकून उठायचे आणि पत्त्यांचा कॅट खिशात घालून न्यायचे. माझा कॅट. रविवारी परत आणायचे तेव्हा पत्त्यांचे कोपरे मुडपलेले. मी सुनंदापाशी कुरकुर करायचो. शेवटी सरावासाठी मला दुसरा कॅट विकत घ्यावा लागला. मग एका मंगळवारी म्हटलं, बास, जाऊन मागूनच आणावा.

दार उघडंच होतं. शांताक्का, अप्पांची बायको, पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांना वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेला. हे मला ठाऊक होतं, पण वर जाऊन बघायचं राहून गेलं होतं. उजवा हात मांडीवर निपचित, डाव्या मुठीत दोन पत्ते घट्ट धरलेले. कोपरे त्यामुळंच मुडपत होते.

"या मास्तर, बसा," अप्पा म्हणाले आणि मधला पाचवा पत्ता उघडला. बदामची दुर्री, नश्शी, राजा, शिवाय चौकटची छक्की, किलवरची अठ्ठी. अप्पांनी आपली सत्ती-दश्शी दाखवली. छक्कीपासून दश्शीपर्यंत ओळ, सिक्वेन्स. शांताक्कांनी ते पाहिलं, मूठ सैल केली आणि पत्ते चादरीवर टाकले.

बदामचा गुलाम आणि बदामची चौकी.

मला दिसलं. रंग. अक्का जिंकल्या होत्या आणि माझ्यासारखंच हरल्या समजून बसल्या होत्या. अप्पा गप्प होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या आधी दिसलं होतं. मी तोंड उघडलं, तोच अप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर पडला.

"थांबा जरा. तिचं तिला दिसू द्या."

आम्ही थांबलो. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मला एक क्षण न देणारा माणूस हलायला तयार नव्हता. अक्कांची नजर पत्त्यांवरून फिरत होती. मग डावं बोट एकेका बदामावर टेकत गेलं. दुर्री, नश्शी, राजा, गुलाम, चौकी.

"रं...ग," अक्का म्हणाल्या.

"आता गं बया, बुडालो की मी," असं म्हणत अप्पांनी कपाळावर हात मारला आणि सगळे चिंचोके त्यांच्याकडं सरकवले. अक्कांचं तोंड एका बाजूनं हसलं.

खरं सांगतो, मी तेव्हाही जळलो. माझ्यासाठी असं कुणी थांबलेलं मला आठवेना. आणि मी तरी कुणासाठी थांबलो होतो?

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "आज तुम्हाला आधी दिसलं, हाव की न्हाई?"

"तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"मी पत्त्यांकडं कुठं बघत होतो, मास्तर."

घरी आलो. सुनंदानं विचारलं, "आणला का कॅट?"

"विसरलो," मी म्हणालो.