सरासरीत बसवलेली रोपं

सरासरी शिकवावी तर आपणच, असं गणिताच्या सरांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. बाकीचे शिक्षक नुसती बेरीज करून भागायला लावतात, मुलांच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरत नाही, हे ते स्टाफरूममध्ये चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर ऐकवत. विज्ञानाच्या बाई तेव्हा मान खाली घालून वह्या तपासत असत. त्यांना हे घरीही ऐकावं लागे, कारण त्या सरांच्या बायको होत्या.

तर झालं असं, की शाळेची तपासणी आली. मोठे साहेब येणार, सरांचा तास बघणार आणि लगेच पुढच्या तासाला बाईंचा प्रयोग बघणार, असं ठरलं. प्रयोग साधा होता. घेवड्याच्या रोपांच्या दोन रांगा, एकीला खत घातलेलं, दुसरीला नाही. साहेबांना पटलं तर प्रयोग विज्ञान प्रदर्शनाला जाणार होता. मागच्या वर्षी बाईंची अशीच रोपं मुख्याध्यापकांनी जादा खुर्च्या ठेवायला जागा हवी म्हणून कपाटामागे सरकवली होती आणि ती तिथे पिवळी पडून मेली. यंदा बाई सुट्टीच्या दिवशीही पाणी घालायला शाळेत येत. ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षी प्रयोगशाळेची खोली कार्यालयाला जाणार होती.

सरांनी दोन दिवस आधी जेवताना विषय काढला. पुस्तकातल्या उदाहरणांत काय दम आहे, जिवंत आकडे पाहिजेत, तुझी रोपं माझ्या वर्गात एका दिवसापुरती ठेवू दे, असं ते म्हणाले. बाईंनी पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं.

"न्या. पण एकाही पानाला हात लागता कामा नये."

"अगं, पट्टीसुद्धा लांबून लावतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी वर्गाकडून रोपं मोजून घेतली. खताच्या रांगेची सरासरी उंची वीस सेंटिमीटर निघाली, बिनखताची दहा. म्हणजे गुणोत्तर दोनास एक आणि सगळ्यांची मिळून सरासरी पंधरा. इतके गोल आकडे बघून सर खूश झाले. त्यांनी त्याच चालीवर सरासरीचा अर्थही सांगितला. सगळे सारखे असते तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आलं असतं, ती सरासरी! उंचांच्या डोक्यावरचं काढायचं, बुटक्यांना द्यायचं. मग त्यांनी चाळीस वेळा तरी बजावलं, की उद्या साहेबांनी विचारलं तर उत्तर पंधरा, आणि ज्याचं दुसरं येईल त्याने माझ्याशी गाठ आहे हे लक्षात ठेवावं.

सरांनी सगळा विचार केला होता. फक्त एकच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. पुस्तकातली गणितं रात्री होती तशीच सकाळी असतात, आणि रोपं वाढतात.

सकाळी प्रार्थनेआधी वर्गाच्या मॉनिटरने खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा मोजलं. मुलगी मोठी कामाची, सरांचा शब्द तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. उत्तर सोळाच्या वर गेलं, तसं तिने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. वर्गात एकच खळबळ उडाली. सरांचं उत्तर चुकणार, तेही साहेबांसमोर! कुणी म्हणालं पट्टी बदलू, कुणी म्हणालं कुंडीतली माती वर चढवू. शेवटी मॉनिटरनेच सांगितलं, की सरांनी रीत शिकवली आहे ना, मग तशीच करायची. शिवणकामाच्या पेटीतून कात्री आणि दोरा आला. उंच रोपांचे शेंडे उतरवले गेले, बुटक्या रोपांना बांधले गेले आणि जे उरलं ते खिडकीतून बाहेर गेलं. घंटा होईपर्यंत सगळी रोपं पंधरा सेंटिमीटरवर आली. रांगेत उभी केलेली मुलंही इतकी सरळ उभी राहत नाहीत.

सर साहेबांना घेऊन आत आले ते त्यांच्याकडे तोंड करून बोलत बोलतच, त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेल्या रोपांकडे त्यांची पाठ होती. मागून मुख्याध्यापक आले आणि पुढच्या तासाची तयारी म्हणून बाई येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. साहेबांनी विचारलं, रोपांची सरासरी उंची किती? अख्खा वर्ग एका सुरात पंधरा म्हणाला. सरांची छाती फुगली. खताच्या आणि बिनखताच्या रोपांचं गुणोत्तर किती, हा पुढचा प्रश्न होता. वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागला. सरासरी वाचवायच्या नादात गुणोत्तराकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

मॉनिटर उभी राहिली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"एकास एक, साहेब."

सर हसले, मग मागे वळले आणि त्यांचं हसू तिथेच गोठलं. तेवढ्यात साहेबांनी कौतुकाने एक रोप जवळून बघायला उचललं. कुंडी टेबलावर राहिली आणि दोऱ्यासकट शेंडा त्यांच्या हातात आला.

मॉनिटरने काहीही न लपवता सगळं समजावून सांगितलं. किती उतरवलं, कुणाला दिलं, का दिलं, इतकं सुरेख सांगितलं की सरांना कळून चुकलं, आपल्या आयुष्यात सरासरी खऱ्या अर्थाने समजलेला हा पहिलाच वर्ग. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण शेवटच्या बाकावर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघायची सरांची हिंमत होत नव्हती.

साहेबांनी बाईंना विचारलं, खताचा परिणाम कुठे दिसतो? बाईंना काहीतरी रचून सांगता आलं असतं. मुख्याध्यापक तर मागून तशा खुणाही करत होते.

"आता काहीच दिसत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "काल दिसत होतं."

साहेब म्हणाले, जे आज दिसतं तेच तपासायचं, असा नियम आहे. त्यांनी पेन काढून प्रयोगावर काट मारली. ओंजळीत एक कापलेला शेंडा घेऊन बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि ते बघून सरांना इतकं वाईट वाटलं की तपासणी, शेरा, नोकरी, सगळं गेलं चुलीत असं त्यांनी ठरवलं.

"साहेब, बाईंची काही चूक नाही," ते पुढे होऊन म्हणाले. "हे सगळं माझ्यामुळे झालं. मीच मुलांना असं शिकवलं."

"तुम्ही? हे तुमचं आहे?"

"पूर्णपणे माझं."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या शाळा पाहिल्या, पण सरासरी अशी हातात धरून दाखवणारा शिक्षक आपल्याला आजवर भेटला नव्हता, असं ते म्हणाले. विनय बाजूला ठेवा, कल्पना तुमची तर नावही तुमचंच लागलं पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. सर नाही नाही म्हणत राहिले आणि साहेबांना तो विनयच वाटत राहिला. काट मारलेल्या ओळीच्या खालीच त्यांनी नवी ओळ लिहिली, आणि प्रदर्शनात बाईंची जी जागा होती ती याच कुंड्यांसह, याच दोऱ्यासह, सरांना मिळाली. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. मग वर्गानेही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर बाई खिडकीपासून सरांजवळ आल्या. हातातला शेंडा त्यांनी सरांच्या खिशात नीट खोवला आणि शांतपणे म्हणाल्या, "अभिनंदन."

इतक्या वर्षांच्या संसारात सरांनी बरंच ऐकून घेतलं होतं, पण एवढा भयंकर शब्द कधी ऐकला नव्हता.